म्हाताऱ्या वेली

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचा असेल, असे मला वाटत नाही. तरुणपणी मनुष्याला जुन्याचा तिटकारा नसला तरी कंटाळा असतोच; आणि पुढे स्वतःचीच गणना जुन्यात होऊ लागली, म्हणजे या म्हणीतले तथ्य त्याला एकाएकी पटू लागते. माझे वय छप्पन्न आहे. तेव्हा या विषयावर मी अगदी निःपक्षपातीपणाने लिहीन, अशी अपेक्षा वाचकांनी न ठेवलेली बरी. तथापि ही म्हण मला नुकतीच जेथे भेटली ती जागा इतकी अनपेक्षित होती, की तिचा पुन्हा एकवार विचार करणे मला भाग पडले. ती भेटली एका फ्रेंच बाटलीच्या चिठ्ठीवर. तांबड्या वाइनची ती बाटली; तिच्यावर मळ्याच्या मालकाचे घराणे, गाव आणि साल यांच्याखाली ‘व्हिएय व्हीन्य’ असे दोन शब्द छापलेले होते. त्यांचा अर्थ ‘म्हाताऱ्या वेली’.

आमच्या घरात वाइनचा प्रवेश आजवर एकाच वेषात झालेला आहे. तो वेष म्हणजे वैद्यबुवांच्या द्राक्षासवाचा. माझी आजी दुपारच्या जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तितक्याच पाण्यातून घेत असे, आणि मग तिला जी गाढ झोप लागे तिचे श्रेय सारे घर औषधाच्या गुणाला देत असे. त्या आसवात किण्वनाने मद्यार्क उत्पन्न झालेला असतो हे आजीला कोणी सांगितले असते, तर तिने त्या माणसाला पुन्हा ओसरीवर पाय ठेवू दिला नसता! माझा स्वतःचा वाइनशी परिचय असा पुस्तकीच. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाला तो टाळता येत नाही. ज्या चॉसर कवीवर मी इतकी वर्षे व्याख्याने देत आलो, त्याचा बापच लंडनमधील वाइनचा व्यापारी होता. आणि तिसऱ्या एडवर्ड राजाने १३७४ साली कवीला जी देणगी दिली, ती म्हणजे आजन्म रोज एक सुरई वाइन.

माझा एक जुना विद्यार्थी फ्रान्समध्ये मार्सेय शहरी नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याने आम्हा उभयतांना आग्रहाने बोलावून घेतले, आणि एके दिवशी बाँदोल नावाच्या समुद्रकाठच्या गावाकडे नेले. गावाच्या मागे डोंगर चढत जातो, आणि त्याच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षांची शेते आहेत. प्रत्येक पायरीला दगडांचा बांध. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो तोच हा. फरक इतकाच, की आपला गडगा कुंपणाचे काम करतो आणि तेथला माती धरून ठेवतो.

द्राक्षाची वेल म्हटली की नाशिक-सांगलीकडचा मांडव आपल्या डोळ्यांपुढे येतो. येथे मांडवाचा पत्ता नव्हता. गुडघ्याएवढे बुटके खोड आणि त्याच्या माथ्यावर पानांचा झुपका. सौभाग्यवतींनी वाकून तो झुपका बाजूला केला. आतले खोड काळे, पिळवटलेले, मध्ये पोकळ, आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांसारखे गाठीगाठींचे होते. ‘अहो, याला अजून पालवी फुटते तरी कशी?’ त्यांनी विचारले. ‘बाई, या वेली सत्तर वर्षांच्या आहेत,’ विद्यार्थी म्हणाला, ‘आणि यांच्याच वाइनला किंमत अधिक येते.’ सत्तराव्या वर्षी किंमत वाढते अशी जागा पृथ्वीवर कोठे तरी आहे, हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवण्याचा मी प्रयत्न केला नाही.

पण प्राध्यापकाचा आनंद फार वेळ टिकत नाही. त्याला लगेच व्याख्या हवी असते. म्हातारी वेल म्हणावे तरी कोणत्या वेलीला? शोध घेता असे आढळले, की ज्या फ्रान्समध्ये गावाच्या शिवेपासून द्राक्षाच्या जातीपर्यंत प्रत्येक गोष्टीला कायदा आहे, तेथे या दोन शब्दांना मात्र कायद्याने ठरवलेले वय नाही. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याने २००९ साली स्वतःपुरती एक सनद केली. पस्तीस वर्षांची ती जुनी, सत्तरांची ती तगून राहिलेली, शंभरांची ती शतायुषी आणि सव्वाशेच्या वरची ती पूर्वज, अशा पायऱ्या तिने लावल्या. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनेही २०२४ साली पस्तीस वर्षे ही मर्यादा सुचवली. फ्रान्समध्ये मात्र अद्याप मालकाच्या शब्दावर विसंबावे लागते. चिठ्ठीवरचे ते दोन शब्द म्हणजे कायद्याची ग्वाही नव्हे. एका घराण्याने दिलेला तो शब्द आहे.

आणि हा शब्द पाळणे स्वस्त नाही. बाँदोलच्या नियमाप्रमाणे एका हेक्टरात, म्हणजे सुमारे अडीच एकरांत, चाळीस हेक्टोलिटरपेक्षा अधिक वाइन काढता येत नाही. त्याच्या बाटल्या भरतात सुमारे पाच हजार तीनशे. म्हाताऱ्या वेली ही मर्यादाही गाठत नाहीत. काही खोडांना रोगाने पोखरलेले असते, काही मेलेली असतात, आणि जी जगतात त्यांना घड थोडे लागतात. खर्च मात्र कमी होत नाही. अशा बुटक्या वेलींत यंत्र चालत नाही. दर हिवाळ्यात प्रत्येक वेलीपुढे माणसाने वाकावे, कोणती काडी राखावी आणि कोणती कापावी हे ठरवावे, आणि कात्री चालवावी. मुळे खोल गेल्यामुळे या वेली अवर्षणात तग धरतात, घड थोडे असल्याने त्यांत रस दाट उतरतो, असे मळेवाले सांगतात. शास्त्रज्ञांचे यावर अजून पुरते एकमत नाही. पण जमाखर्चाच्या वहीचे मत स्वच्छ आहे: उपटा आणि नवी लावा. युरोपात वाइनचा महापूर आला तेव्हा तर सरकारनेच वेली उपटणाऱ्याला पैसे दिले. १९८८ नंतर आणि पुन्हा २००८ नंतर अशा योजना झाल्या, आणि दक्षिण फ्रान्समधील कित्येक जुने मळे त्यांत गेले. कारण जे कमी पिकते ते आधी उपटावे, हा हिशेब कोणालाही समजतो.

येथे ‘जुने ते सोने’ या म्हणीला पहिला धक्का बसतो. आज दिसणाऱ्या म्हाताऱ्या वेली चांगली वाइन देतात हे खरे असले, तरी वयामुळे देतात असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या वाईट होत्या, वाईट जागी होत्या, त्या तिसाव्या-चाळिसाव्या वर्षीच उपटल्या गेल्या. ज्यांच्यावर कोणाचा तरी जीव जडावा अशा होत्या, त्या राहिल्या आणि राहिल्या म्हणून म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे जुने झाले म्हणून सोने झाले असे नव्हे. सोने होते म्हणून कोणीतरी ते जुने होऊ दिले.

म्हणीला दुसरा धक्का इतिहास देतो. या पुरातन फ्रेंच वेलींची मुळे फ्रेंच नाहीत! एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी अमेरिकेतून द्राक्षवेली आणल्या, आणि त्यांच्या मुळांबरोबर फिलॉक्सेरा नावाचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक पिवळसर कीटक आला. १८६३च्या सुमारास रोन नदीच्या दक्षिण खोऱ्यात वेली वाळू लागल्या. १८६८ साली प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या सोबत्यांसह मरणाऱ्या वेलींची मुळे उकरून पाहिली, तेव्हा त्यांवर या कीटकांचे थर बसलेले आढळले. १८७५ साली फ्रान्समध्ये आठ कोटी हेक्टोलिटरांहून अधिक वाइन झाली होती. १८८९ साली ती अडीच कोटींच्याही खाली आली. खेडीच्या खेडी उजाड झाली. सरकारने तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले, आणि उपाय सापडूनही ते कोणालाच मिळाले नाही, हा सरकारी बक्षिसांचा स्वभाव तेथेही आपल्यासारखाच दिसतो. उपाय होता कलमाचा. अमेरिकेतील रानवेलींची मुळे या कीटकाला दाद देत नाहीत. तेव्हा जिने संकट आणले त्याच परकीय मुळावर फ्रेंच डोळा बांधायचा. शुद्धतेच्या अभिमान्यांनी बराच आरडाओरडा केला. अखेर पोटाने मत दिले आणि सारा देश कलमी झाला. वाळूत हा कीटक जगत नाही, म्हणून रेताड जमिनीत काही मळे आपल्या मूळच्या मुळांवर राहिले, इतकेच. आपणही याला हसण्याचे कारण नाही. नाशिक-सांगलीकडची आजची बहुतेक द्राक्षे क्षारांना व अवर्षणाला तोंड देण्यासाठी ‘डॉगरिज’ नावाच्या खुंटावर बांधलेली असतात, आणि तो खुंट आहे अमेरिकेतील टेक्सासचा!

बाँदोलला या कीटकाने आणखी एक दगा दिला. तेथली मूळची तांबडी वाइन मूर्वेद्र नावाच्या द्राक्षाची होती. हे द्राक्ष उशिरा पिकते, त्याला भरपूर ऊन आणि समुद्राची ऊब लागते, उत्पन्न थोडे देते, आणि अमेरिकन खुंटावर त्याचे कलम सहजासहजी जमत नसे. साहजिकच मळेवाल्यांनी जास्त पिकणाऱ्या जाती लावल्या आणि मूर्वेद्र जवळजवळ नाहीसे झाले.

ते परत कसे आले याची हकीकत मला विद्यार्थ्याने त्या गडग्यावर बसून सांगितली. ल कास्तेले गावच्या पायथ्याशी ताँपिए घराण्याचा मळा आहे. १८३४ पासून तो एकाच घरात चालत आलेला. १९३६ साली या घरची मुलगी लुसी, जिला सारे जग पुढे लुलु म्हणून ओळखू लागले, तिचे लग्न लुसिएँ पेरो या तरुणाशी झाले. सासऱ्याने जावयापुढे एक जुनी बाटली उघडली. ती कीटक येण्यापूर्वीच्या काळातील, मूर्वेद्रची होती, असे त्या घरात सांगतात. जावई चकित झाला. या मातीतून अशी वाइन निघत होती, तर ती आता का निघू नये, या प्रश्नाने त्याला घेरले. आपल्याकडे घरजावई हा थट्टेचा विषय आहे. परंतु या घरजावयाने सासुरवाडीच्या मातीची हरवलेली वस्तू शोधण्यात सारे आयुष्य घातले. बाँदोलला १९४१ साली नावाचा कायदेशीर हक्क मिळाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. तांबड्या बाँदोलमध्ये मूर्वेद्रचे प्रमाण किती असावे याचा नियम पुढे हळूहळू कडक होत गेला, आणि आता निम्म्याहून कमी चालत नाही. लुलुने सात मुले वाढवली, आल्यागेल्यांना रांधून वाढले, आणि तिच्या पाककलेवर १९९४ साली एक ग्रंथही निघाला. लुसिएँ १९९६ साली गेला. लुलु २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी.

या हकीकतीतील मला लागलेली गोष्ट ही, की लुसिएँने जुन्या वेली राखल्या नाहीत. राखायला त्या होत्याच कोठे? त्याने नव्या लावल्या. कमी पिकणारे, उशिरा पिकणारे, शेजाऱ्यांनी टाकून दिलेले द्राक्ष त्याने परक्या मुळावर पुन्हा बांधले. आज त्या भागात ज्यांना म्हाताऱ्या म्हणून मान मिळतो, त्या वेली कोणीतरी तोट्याची पर्वा न करता लावलेल्या कोवळ्या काड्या होत्या.

संध्याकाळी विद्यार्थ्याच्या घरी ती बाटली उघडली गेली. तिच्यातील वाइन एका जातीची नव्हती. मूर्वेद्रबरोबर ग्रनाश आणि सँसो यांचे मिश्रण होते. मूर्वेद्र हे आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखे. गंभीर, जाड सालीचे, पहिल्या भेटीत तुरट. ग्रनाश सढळ हाताच्या मामासारखे गोड आणि गरम. सँसो हलके, मऊ, दोघांत पडून कलागती मिटवणारे. एकटे मूर्वेद्र तरुणपणी कोणाशी बोलत नाही. नियमाने त्याला अठरा महिने लाकडी पिंपात ठेवावे लागते ते उगाच नव्हे. तिघांचे फुलणे आणि पिकणे मागेपुढे होते, त्यामुळे एकाला अवेळी पाऊस लागला तर दुसरे सांभाळून घेते. मी घोटभर चाखली. प्रथम तुरट लागली. मग वाळलेल्या पानांचा आणि कसल्याशा काळ्या फळाचा वास मागे राहिला. याहून अधिक वर्णन करण्याचा मला अधिकार नाही. सौभाग्यवतींनी वास घेऊन पेला खाली ठेवला, आणि ‘आजींच्या द्राक्षासवाला याहून बरा वास होता,’ असा निकाल दिला.

हे सारे प्रवासवर्णन म्हणून माझ्या वहीत पडून राहिले असते. पण परत आल्यावर महिन्याभरात आमच्या महाविद्यालयात विभागाची सभा भरली. एम. ए. च्या वर्गाला आमच्याकडे चॉसर आणि मध्ययुगीन इंग्रजी वाङ्मय अशी एक ऐच्छिक प्रश्नपत्रिका आहे. एकवीस वर्षे ती मी शिकवतो. माझ्या आधी माझे गुरुजी शिकवीत. गेल्या वर्षी तिला सात विद्यार्थी होते. शेजारच्या वर्गात व्यावहारिक इंग्रजी शिकायला साठ बसतात. तेव्हा ही प्रश्नपत्रिका बंद करून तिचे तास तिकडे द्यावेत, असा प्रस्ताव होता. प्रस्ताव मांडणारे गृहस्थ भले आहेत आणि त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. हेक्टरी उत्पन्न खरोखरच कमी होते.

पूर्वी मी अशा वेळी परंपरेवर बोललो असतो. आता ते जमेना. त्या डोंगरावर मी पाहिले होते, की वय हा राखण्याला पुरेसा पुरावा नव्हे. मग मी स्वतःला तेथल्या मळेवाल्याचे प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, यातून अजून काही निघते का? मला गेल्या वर्षीचा परभणीकडचा एक विद्यार्थी आठवला. कँटरबरीच्या यात्रेकरूंची यादी वाचताना, त्यातला गिरणीवाला, स्वयंपाकी, व्यापारी, जोगीण असे सारे एका वाटेने, गोष्टी सांगत चाललेले पाहून तो मध्येच म्हणाला, ‘सर, ही तर आमची दिंडी!’ सहाशे वर्षांपूर्वीची ती अवघड भाषा पुढचे तीन महिने त्याने स्वतः होऊन खणली. साठांच्या वर्गात असे काही घडतच नाही असे मी म्हणणार नाही. पण या सातांच्या वर्गात ते घडले, हे मी पाहिले आहे. दुसरा प्रश्न, किंमत कोणी द्यायची? जुनी वेल राखा असे म्हणणारा दुसऱ्याच्या हातात कात्री देऊन स्वतः सावलीत बसला, तर त्याला कोणी ऐकू नये. आणि तिसरा प्रश्न, माझ्यामागे छाटणी कोण करणार?

सभेत मी थोडकेच बोललो. प्रश्नपत्रिका तीन वर्षे राहू द्यावी. तिचे तास माझ्या ठरलेल्या तासांत धरू नयेत, ते मी वर घेईन. आणि विभागातील एका तरुण सहकारी बाईंची तयारी असेल तर त्यांनी माझ्याबरोबर वर्गात बसावे. बाईंचा विषय आधुनिक कादंबरी. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘सर, ही भाषा मला पहिल्यापासून शिकावी लागेल ना?’ मी म्हणालो, ‘हो, पहिल्यापासून.’ त्या म्हणाल्या, ‘मग जूनपासूनच सुरू करू.’ सभेने तीन वर्षांची मुदत दिली. त्यानंतरही विद्यार्थी आले नाहीत तर प्रश्नपत्रिका बंद व्हावी, या अटीला मी आपण होऊन संमती दिली. उपटण्याजोगी वेल उपटण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने मळा राखण्याच्या गोष्टी सांगू नयेत.

आता गुरुवारी दुपारी आम्ही वाचतो. या वर्षी विद्यार्थी नऊ आहेत. बाई मागच्या बाकावर बसतात, शब्दांचे जुने उच्चार समासात टिपून घेतात, आणि कधी कधी मला सुचला नव्हता असा अर्थ सांगतात. तो त्यांच्या आधुनिक कादंबरीच्या मुळावरून वर चढलेला असतो, आणि म्हणूनच जोमदार असतो. नव्याने लावलेली वेल पहिली तीन वर्षे धरण्याजोगे पीक देत नाही, असे मळेवाले सांगतात. माझ्या निवृत्तीला चार वर्षे आहेत. हिशेब जेमतेम जमतो.